नववी विसंगती

जुळारी काका मजकूर उलटा वाचायचे. छपाईचे शिशाचे खिळे स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, उलटे बसतात, अक्षरं आरशात दिसावीत तशी. तुम्हीआम्ही ती ओळ हातात घेतली तर तिच्यात काय लिहिलंय ते देव जाणे. (देव हा शब्द इथे सवयीने आला. मी मानत नाही.) काका मात्र चष्मा कपाळावर सरकवून ती उलटी ओळ आपण वर्तमानपत्र वाचतो त्याहून भरभर वाचत, आणि वाचताना त्यांचे ओठ हलत. नवखं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. त्याला वाटायचं, म्हातारा प्रार्थनेला बसलाय, मध्येच कशाला बोला. म्हातारा वाचत असायचा पोह्याच्या पापडाचं लेबल.

पेणच्या बाजारामागच्या गल्लीत तो छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र, भिंतीला टेकून ठेवलेल्या केसा, म्हणजे खिळ्यांचे खणाखणांचे ट्रे, एक मालक आणि हे एक जुळारी. आडनावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. मूळचे नगरकडचे, मिशनच्या शाळेत खिळे जुळवायला शिकलेले. पेणला तीसेक वर्षं काढल्यावर त्यांच्या बोलण्यात आमचं ‘हाय’ आणि ‘नाय’ येऊन बसलं होतं; फक्त ‘गो’ म्हणताना ते थोडे सावध होत, परक्या घरात पाट ओढून घ्यावा तसे. बायको पेणलाच वारली. मूलबाळ नाही. रामवाडीला एका खोलीत राहत. पेणमधली ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजून संपायची, म्हणून रविवारी पांढरा सदरा घालून ते एसटीने रोह्याला जात. तिथे कारखान्यांत कामाला असलेल्या काही कुटुंबांची छोटी मंडळी एका घराच्या पुढच्या खोलीत जमत असे. पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी प्रार्थना सांगायचे काका. आठवड्याचे सहा दिवस ज्यांचे ओठ दुसऱ्यांच्या मजकुरासाठी हलत, त्यांचे ते सातव्या दिवशी स्वतःसाठी हलत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी ते गमावल्यावर मला कळलं, आणि ते माझ्यामुळे गमावलं.

मी पेणजवळच्या गडबची. कॉलेज अर्धं टाकून चळवळीत शिरले होते आणि पत्रकं लिहायची. खारबांध फुटला, पत्रक. बुवाने अंगारा वाटला, पत्रक. तलाठ्याने दार उघडलं नाही, पत्रक. माझ्या प्रत्येक पत्रकात किमान तीन उद्गारचिन्हं असत. काका म्हणत, “पुढारीणबाई, उद्गारचिन्हांचे खिळे आपल्याकडे बेताचेच हायत. थोडी लग्नपत्रिकांना राहू दे.” कधीही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, “जेवलीस का गो?” मी नाही म्हटलं की डब्यातली अर्धी भाकरी केसच्या कडेवर यायची. तिला शाईचा वास असे. मी भाकरी खात खात धर्मावर तोफा डागायची आणि काका खिळे उचलत ऐकायचे.

आमच्या गटाने ‘ग्रंथ तपासू या’ अशी मालिका काढली होती. सत्यनारायणावर पहिलं पत्रक निघालं तेव्हा बाजारात लोकांनी टोमणे मारले, “आपल्याच देवांना बोला! दुसऱ्यांच्या ग्रंथाला हात लावायची छाती हाय का?” माझं डोकं फिरलं. छाती दाखवायची म्हणून मी बायबल मिळवलं, आठवडाभर चाळलं आणि प्रार्थनेपाशी येऊन थांबले. काय गोंधळ होता! एके ठिकाणी सांगितलंय, रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांना दाखवायला प्रार्थना करतात ते ढोंगी, तू खोलीत जा, दार लावून घे, गुपचूप प्रार्थना कर. दुसरीकडे सांगितलंय, सगळीकडे हात वर करून करा. एके ठिकाणी, तेच तेच बडबडू नका; दुसरीकडे त्या विधवेचं कौतुक, जी न्यायाधीशाच्या दारात रोज तेच गाऱ्हाणं घेऊन उभी राहिली आणि शेवटी तो कंटाळून न्याय देऊन मोकळा झाला. एके ठिकाणी, तुम्ही मागायच्या आधीच आकाशातल्या बापाला ठाऊक असतं. दुसरीकडे, मागा, दार ठोका. एके ठिकाणी, विश्वासाने मागाल ते मिळेल. दुसरीकडे, माझ्या नव्हे तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. चार विसंगती, त्यांच्याखाली माझी चार फटकारणारी वाक्यं. मथळा: ‘प्रार्थना करायची तरी कशी? ग्रंथच सांगेना!’ आता कबूल करते, पेणमध्ये हे पत्रक काढायला छाती वगैरे काही लागत नव्हती. उत्तर द्यायला तिथे होतं कोण?

एक माणूस होता आणि मजकूर त्याच्याच हातात द्यायचा होता. मी जरा घुटमळून म्हटलं, “काका, हे तुमच्या ग्रंथाबद्दल हाय. नको असेल तर पनवेलला छापून घेते.”

त्यांनी कागद वाचला. सुलटा कागद ते हळू वाचत.

“चारच?” ते म्हणाले.

“काय चारच?”

“विसंगती. आठवडाभर बसलीस आणि चारच सापडल्या? मला नऊ ठाऊक हायत.”

त्यांनी तिसऱ्या मुद्द्यावर शाईचं बोट ठेवलं. “ही तू अर्धीच वाचलीस. जिथे ‘बापाला आधीच ठाऊक असतं’ म्हटलंय, तिथेच खाली दोन ओळींवर रोजची भाकर मागायला शिकवलंय. एकाच पानावर. तू उगाच दुसरं पान शोधत बसलीस.” मग स्टिक खाली ठेवून म्हणाले, “आणि पाचवी घाल. तेच तेच बडबडू नका असं ज्याने सांगितलं, तोच क्रुसावर चढवायला पकडला जायच्या आधी बागेत गेला आणि तेच शब्द तीनदा बोलला. हे नसेल तर तुझं पत्रक लंगडं.”

“मग काका, तुम्ही मानता कसं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“सरकारी दवाखान्यात जुलाब होणाऱ्याला एक पुडी देतात, पोट गच्च झालेल्याला दुसरी. दोन्ही पुड्या शेजारी मांडून तू डॉक्टरवर पत्रक काढशील का?”

“काढीन. पुडीवर रोग्याचं नाव नसेल तर नक्की काढीन.”

ते हसले. खूप दिवसांनी एवढे हसले असावेत, कारण मालक आतून डोकावले. “हे बरोबर बोललीस. नावं नायत लिहिलेली. माझी कुठली, हे ज्याचं त्याला बघावं लागतं. तोच तर त्रास हाय.”

चर्चेत हरल्याचं दुःख मला नेहमी होतं. त्या दिवशी मी हरले नव्हते, जिंकलेही नव्हते, आणि तरी बरं वाटत होतं. त्या भरात मी ती चूक केली. आमच्या चळवळीला एक खोड आहे: पत्रकाच्या तळाशी आभार मानायचे. चहा दिला, आभार. सायकल दिली, आभार. मी मजकुराखाली मोठ्या प्रेमाने एक ओळ वाढवली, की पाचवी विसंगती आमचे ज्येष्ठ स्नेही जुळारी काका यांनी दाखवून दिली, त्यांचे आभार. काय होईल याचा क्षणभरही विचार केला नाही. श्रेय प्रामाणिकपणे दिलं, एवढ्यावरच मी खूश.

काकांचा एक नियम होता. आलेल्या मजकुरातला शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही. शंका आली तर विचारायचं. ती ओळ जुळवताना त्यांचा हात थांबला, हे मी पाहिलं. ते स्वतःशीच म्हणाले, “खोटं हाय का? नाय.” आणि पुढचा खिळा उचलला. ती ओळ त्यांनी गुपचूप गाळली असती तर मला कळलंही नसतं. प्रूफ नीट वाचण्याइतका धीर माझ्यात तेव्हा नव्हता.

पत्रक एसटीतून फिरत फिरत रोह्याला पोहोचलं.

त्या मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, दानियलभाऊ कारखान्यात फोरमन होते. माणूस वाईट नव्हता, पण कडक. ज्यांच्या घरात मंडळी जमायची ते हेच. त्यांनी सगळ्यांसमोर पत्रक उघडून तळाची ओळ वाचली आणि म्हटलं, “काका, एवढंच सांगा, त्या पोरीने तुम्हाला न विचारता नाव टाकलं. विषय संपला.” सुटायचा रस्ता त्यांनीच काढून दिला होता.

काका म्हणाले, “तिने लिहिलं, मी जुळवलं. माझ्या हाताखालून गेलं. न विचारता कसं म्हणू?”

“म्हणजे ग्रंथात चुका हायत असं तुम्ही तिला शिकवलंत?”

“चुका नाय म्हटलं. जिथे मी अडतो ती जागा दाखवली.”

दानियलभाऊंनी सांगितलं की तूर्तास प्रार्थना दुसरं कोणी सांगेल. ‘तूर्तास’ म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. काका उठले, पुढच्या चटईवरून मागच्या चटईवर गेले आणि चपलांजवळ बसले.

हे मला मालकांकडून कळलं. काका नेहमीसारखेच स्टिक घेऊन उभे होते, फक्त ओठ हलत नव्हते. तीस वर्षांची सवय गेली होती. मजकूर आता ते मनात वाचायचे.

मी पेटले. तिथेच गल्लीत उभी राहून दुसरं पत्रक लिहिलं. ‘प्रार्थनेवर बंदी घालणाऱ्या हुकूमशहांनो!’ दानियलभाऊंना नाव न घेता, पण फोरमन म्हणून ओळखू येतील असं झोडपलं. उद्गारचिन्हं किती होती ते विचारू नका. काकांनी कागद घेतला, “जेवलीस का गो?” विचारलं आणि अक्षरही न बदलता जुळवायला लागले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्यालाही राग आला एकदाचा.

एक प्रूफ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. “वाच. मोठ्यानं.”

मी सभेत वाचावं तसं सुरू केलं. तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज खणखणीत होता. मग समोर पाहिलं तर काका हात पुसत शांतपणे ऐकत होते. सातव्या ओळीला मला माझाच आवाज बाजारातल्या भोंग्यासारखा ऐकू यायला लागला. मी थांबले.

“कोणासाठी लिहिलंस?” त्यांनी विचारलं. “माझ्यासाठी, का लोकांनी बघावं म्हणून?”

रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून, लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या ढोंग्यांवरचा तो भाग मीच तर माझ्या पत्रकात चवीने वापरला होता. मी प्रूफ चुरगळलं. काकांनी जुळवलेल्या खिळ्यांचा ठोकळा सोडला आणि एकेक खिळा परत त्याच्या त्याच्या खणात टाकायला लागले. जुळवताना जेवढं मन लावायचे, तेवढंच मोडतानाही.

“आठवी सांगतो,” ते मध्येच म्हणाले. सहावी आणि सातवी त्यांनी मधल्या दिवसांत सांगून टाकल्या होत्या. सातवी तर तहसीलदाराला शिव्या देत मी आले तेव्हा. शत्रूंसाठी प्रार्थना करा असंही त्यांच्या ग्रंथात आहे, आणि शत्रूंचे दात पाड रे देवा असंही. “तुझी दुसरी पुडी दिसते,” असं म्हणाले होते. आता आठवी: “एके ठिकाणी म्हटलंय, पाप्यांचं देव ऐकत नाय. आणि दुसरीकडे तो जकातदार, लोकांना लुबाडणारा. तो लांब मागे उभा राहतो, मान वर करत नाय, आणि ऐकलं जातं ते त्याचंच.”

“म्हणून तुम्ही मागच्या चटईवर बसता?”

“मागे वारा बरा लागतो,” काका म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गडबच्या नाक्यावर सकाळची एसटी पकडली, काका ज्या गाडीने जात तिच्या आधीची. दानियलभाऊंच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, “चूक माझी आहे. नाव टाकण्याआधी, यात त्यांचं काय जाईल हे मी विचारायला हवं होतं. शिक्षा त्यांना नको.”

“देव मानत नाहीस ना? मग माझ्या दारात कशाला?”

“देवाच्या दारात नाही आले. तुमच्याच आलेय.”

दार लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तेच बोलले. “गेल्या आठवड्यात सांगितलंस हे.” “तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून परत सांगते.” तिसऱ्या रविवारी त्यांच्या बायकोने, शांतावहिनींनी, पायरीवर चहा आणून दिला आणि कुजबुजल्या, “गुडघेदुखीने हैराण झालेत, म्हणून चिडतात. तू येत राहा.” चौथ्या रविवारी दानियलभाऊ दारात आलेच नाहीत, मी बंद दाराला तेच वाक्य ऐकवलं. माझ्यासारख्या बाईने हे करावं! घेराव घालायची, धरणं धरायची मला सवय होती, पण एकटीने, हातात फलक नाही, घोषणा नाही, कोणी बघत नाही, असं उभं राहायची नव्हती. पाय दुखत.

पाचव्या रविवारी आतून शांतावहिनींचा आवाज आला. मला ऐकू जावा एवढा मोठा. “अहो, त्या गोष्टीतला न्यायाधीश देवाला भीत नव्हता, तरी विधवेला कंटाळला. आपल्याकडे उलटंच झालंय. देवाला न भिणारी बाहेर उभी, आणि भिणारा आत लपून बसलाय!”

मग दानियलभाऊंचा खाकरण्याचा आवाज, आणि हसू दाबल्याचा. दार उघडलं. “ये आत. काहीतरी खा आधी. तोंड बघ कसं झालंय.”

काका आले तेव्हा मी चपलांजवळ बसले होते, त्यांच्या जागी. मला पाहून ते दचकले. दानियलभाऊंनी फार शब्द वापरले नाहीत. “काका, आज तुम्हीच सांगा,” एवढंच म्हणाले.

काका पुढे गेले. हात वर केले. नखांत शाई होती. मला वाटलं आता लांबलचक काहीतरी येणार, आणि सत्य कोणाच्या बाजूचं होतं तेही त्यात येणार. ते म्हणाले, “आम्हाला एकमेकांचं ऐकू येऊ दे.” थांबले. पुन्हा म्हणाले, “आम्हाला एकमेकांचं ऐकू येऊ दे.” तिसऱ्यांदा तेच म्हणताना दानियलभाऊंनी मिटलेला एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. पाचवी विसंगती त्यांनी पत्रकात वाचलेली होती. मग सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणाले तेच.

त्यानंतर छापखान्यात काकांचे ओठ परत हलायला लागले. मी प्रूफ वाचायला शिकले. प्रत्येक पत्रक छापण्याआधी मोठ्याने वाचते, आजही. उद्गारचिन्हं कमी झाली आहेत. राग कमी झालेला नाही, तो व्हावा असं मला वाटतही नाही. काकांनाही वाटत नव्हतं.

मग पेणला ऑफसेट आलं. मालकांनी ट्रेडल काढून टाकलं, खिळे भंगारात वजनावर गेले. काका नगरकडे पुतण्याकडे राहायला निघाले. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पिशवी. स्टँडवर पोहोचवायला मी गेले. बस लागलेली होती, ड्रायव्हर अजून चहा पीत होता. मी म्हटलं, “काका, आठच सांगितल्यात. नववी राहिली.”

“ती पुस्तकात नाय,” ते म्हणाले. “ती माझी हाय.”

“सांगा की.”

“रोज सकाळी दार लावून बसतो. म्हणतो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याला सांगायला लागतो, काय व्हायला पाहिजे ते. त्या गडबच्या पोरीला सांभाळ. ती कोणाच्या अंगावर जाईल तेव्हा तिला एकटी टाकू नको. तिला वेळेवर जेवायची बुद्धी दे. रोज तेच, बरीच वर्षं.” पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. “तुला विचारलं नव्हतं. तू मानत नायस. नाव घेण्याआधी विचारायला हवं होतं. चालेल का गो?”

मी प्रार्थनेच्या विरोधात पत्रक लिहिलेली बाई. ड्रायव्हर येऊन बसला होता.

“चालंल,” मी म्हटलं.

पुतण्याचं पोस्टकार्ड गेल्या वर्षी आलं. काका सकाळीच गेले, खोलीचं दार आतून लावलेलं होतं. कार्ड वाचलं तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कार्ड ठेवलं, हात धुतले आणि जेवायला बसले.